तुम्ही विचारलंत म्हणून: सॉफ्टबॉक्स मोठा, तरी सावली कडक का?

‘६० बाय ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा कापडी डबा) घेतला, तरी नाकाची सावली सुरीने कापल्यासारखी येते. आता १२० चा घेऊ का?’

नका घेऊ. निदान आज तरी नको. आधी फ्लॅशची पॉवर अगदी खाली आणा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ १६, आणि माणसाऐवजी सॉफ्टबॉक्सच्या पुढच्या कापडाचाच फोटो काढा. मधोमध पांढरा गोळा आणि कडा राखाडी दिसल्या, तर तुमचा एवढा मोठा डबा प्रत्यक्षात ताटलीएवढ्या दिव्याचंच काम करतोय. मग कुठलाही आकार आणलात तरी तेच होणार.

याची कारणं दोनच असतात. एक, डब्याच्या आत, पुढच्या कापडाच्या मागे लावायचं दुसरं कापड लावलेलं नसतं. वेल्क्रो जुळवायचा कंटाळा येतो आणि ते पिशवीतच राहतं. किंवा ‘उजेड खातं’ म्हणून मुद्दाम काढलेलं असतं. खातंच ते. दोन्ही कापडं मिळून सुमारे एक ते दीड स्टॉप जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). तो फ्लॅशची पॉवर वाढवून भरून काढायचा. दुसरं कारण, स्पीडलाइटचा, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशचा, झूम १०५ वर अडकलेला, म्हणजे उजेडाचा झोत अरुंद. तो हाताने २४ वर आणा, वरची पारदर्शक पट्टीही बाहेर ओढा.

एवढं करूनही सावली कडक असेल, तर प्रश्न अंतराचा. इथे मला थोडं खाली मान घालून बोलावं लागतं, कारण पूर्वी मी सरसकट ‘जवळ आणा’ एवढंच सांगायचो. एकट्या माणसासाठी ते आजही खरं आहे: बॉक्सच्या कर्णाएवढं अंतर, म्हणजे ६० बाय ९० साठी साधारण ११० सेंटिमीटर, किंवा त्याहून कमी. चेहऱ्याला दिवा जितका मोठा दिसतो, तितकी सावलीची कड मऊ होते.

पण हाच सल्ला ऐकून काढलेला साठीशांतीचा एक फोटो माझ्यापुढे आला. नवराबायको शेजारी उभे, सॉफ्टबॉक्स बाईंच्या बाजूने. त्या दिव्यापासून ७० सेंटिमीटरवर, ते ११० वर. अंतराच्या वर्गाने उजेड घटतो, म्हणजे बाईंवर जवळजवळ अडीचपट उजेड, सव्वा स्टॉपहून थोडा जास्त फरक. नथीचे मोती आणि गाल जळून पांढरे झालेले, यजमानांचा चेहरा मात्र संध्याकाळ झाल्यासारखा. संगणकावर सावल्या उचलल्या, म्हणजे उजळल्या, तर त्यांच्या कपाळावर दाणे उठले. जळलेल्या मोत्यांत उचलायला काही उरलंच नव्हतं. साठीशांत काही पुन्हा करता येत नाही. कॅमेरा माझा नव्हता, पण सल्ला माझाच होता.

काय करायला हवं होतं? दिवा दोन मीटरवर नेला असता तर २०० आणि २४०, फरक जेमतेम अर्धा स्टॉप. पण तेवढ्यावरून ६० बाय ९० पुन्हा कडक. इथे मात्र १२० चा लागतो. (हो, जो मी वर घेऊ नका म्हटलं तोच.) किंवा बॉक्सचं तोंड दूरच्या माणसाकडे वळवायचं, म्हणजे मधला जोरदार उजेड त्यांना आणि कडेचा सौम्य उजेड जवळच्या बाईंना मिळतो. खर्च शून्य. फक्त बॉक्सपुढे उजेड बाजूला पसरू न देणारी कापडी जाळी लावली असेल तर जपून: जास्त वळवलं की कडेचा उजेड एकदम तुटतो.

तिसरा मार्ग, दिवा कॅमेऱ्याच्या बाजूला सरकवून दोघांना समान अंतर द्यायचं. उजेड सारखा पडतो, पण चेहऱ्यांचा उठाव कमी होतो आणि यजमानांच्या चष्म्यात पांढरा चौकोन उमटतो. त्यावर दिवा उंच करा म्हणतात. ९ फुटी छताच्या खोलीत उभ्या माणसांसाठी १२० चा बॉक्स किती उंच करणार? वरची कड छताला टेकते, आणि पांढऱ्या छताने, भिंतींनी परतवलेला उजेड उरलासुरला उठावही खातो. मग अंधाऱ्या बाजूला, चौकटीबाहेर, काळं कापड टांगायचं. चष्म्याच्या काड्या कानावरून बोटभर उचलायच्या, हनुवटी जराशी खाली. काड्या जास्त उचलल्या तर फ्रेम डोळ्यांवर येते, आणि हनुवटी जास्त खाली गेली तर मानेला वळी पडते.