न घेतलेल्या वस्तू
रविवार, रात्री उशिरा

आज पुन्हा जेम्स जॉइसची ‘अ‍ॅरबी’ वाचली. १९१४ साली आलेल्या ‘डब्लिनर्स’ या कथासंग्रहातली ही तिसरी कथा. या खेपेला पेन्सिल घेऊन बसले आणि त्यातल्या पोराच्या पैशांचा हिशेबच मांडला.

मित्राच्या बहिणीला त्याने शब्द दिलाय, ‘अ‍ॅरबी’ नावाच्या बझारला गेलो तर तुझ्यासाठी काहीतरी आणीन. काका रात्री नऊला घरी येतो, तेव्हा कुठे हातात एक फ्लोरिन पडतो. म्हणजे दोन शिलिंग, चोवीस पेन्स. पोचेपर्यंत दहाला दहा कमी. सहा पेन्सच्या स्वस्त तिकिटाचं दार सापडेना, बझार बंद होईल या धास्तीने तो अख्खा शिलिंग देऊन आत शिरतो. उरले बारा. पण शेवटी खिशात आठच आहेत: सहा पेन्सचं एक नाणं आणि दोन सुट्या पेनी. मधले चार आगगाडीच्या तिकिटाला गेले असणार. परतीलाही तेवढेच धरले, तर तिच्यासाठी उरले चार! जॉइस यातलं काही बोलून दाखवत नाही. दुकानातली बाई विचारते, पोरगा नको म्हणतो, आणि त्या दोन पेनी खिशातल्या नाण्यावर पडू देतो. दिवे मालवतात.

‘या कथांमध्ये काही घडतच नाही’ असं कुणी म्हणालं की मला मनापासून वाईट वाटतं. शहरात दुःख असंच तर दिसतं, घ्यायची ठरवलेली वस्तू न घेता माणूस परत फिरतो.

मग आपसूक कॅथरिन मॅन्सफिल्डची १९२० मधली ‘मिस ब्रिल’ काढली. दर रविवारी बागेतून परतताना मिस ब्रिल बेकरीतून मधाच्या केकचा एक तुकडा घेते. कधी त्यात बदाम निघतो, कधी नाही. निघाला तर केवढा आनंद! आज मात्र बागेत एका तरुण जोडप्याने तिची आणि तिने गळ्याभोवती घातलेल्या लाडक्या फरची टवाळी केलेली तिच्या कानावर पडते, आणि ती बेकरीवरून तशीच पुढे जाते.

या कथेतल्या प्रत्येक वाक्याची लांबी आणि नादही आपण पारखून घेतला, लिहून झाल्यावर ती कितीदा तरी मोठ्याने वाचली, असं मॅन्सफिल्डने एका पत्रात लिहिलंय. म्हणून शेवटचा परिच्छेद मीही मोठ्याने वाचायला घेतला. बेकरीपाशी आवाज अडकला. जिना, अंधारी खोली, फरची पेटी हे सगळं मग मनातच वाचलं.