पुणे–वाई–पाचगणी: कॅराव्हॅन जोडण्याआधी वजनकाट्यावर जा

"तुमची गाडी अडीच टन आरामात ओढेल" असं कुणी म्हणालं, तर गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक त्याच्यापुढे ठेवा आणि ते पान दाखवायला सांगा. मी हे केलं नाही. गाडीला कॅराव्हॅन (मागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर) जोडायचा हुक बसवून देणाऱ्याने मला अडीच टनांचा आकडा दाखवला, तो त्याच मॉडेलच्या ऑस्ट्रेलियातल्या माहितीपत्रकातला निघाला. इथल्या पुस्तकात ब्रेक असलेल्या ट्रेलरला 1,200 किलोची मर्यादा आहे. हुकचे 34,000 रुपये घेतले आणि हुकवर किती भार चालतो, म्हणजे कॅराव्हॅनच्या टोकाचं किती वजन त्यावर बसलेलं चालतं, ते एका शब्दाने सांगितलं नाही. तो आकडा हुकच्याच पट्टीवर कोरलेला होता, 75 किलो. मी तो वाचला तो प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी.

जानेवारीत निघालो. धायरीहून कात्रजचा नवा बोगदा, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई. मी, बायको, दोन मुलं, सासूबाई आणि भाचा, म्हणजे सातसीटर डिझेल गाडीत सहा जण, टपावर सामान आणि मागे आमची पहिली कॅराव्हॅन. ताशी साठच्या वर गेलो नाही. खंबाटकी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढली. धोमच्या पाण्याकाठी एक दिवस आणि दोन रात्री मजेत गेल्या.

तिसऱ्या दिवशी वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट. अर्ध्यावर एका वळणावर वरून एसटी आली आणि मला थांबावं लागलं. थांबणं अवघड नाही, सुटणं अवघड आहे. हँडब्रेक सोडला, क्लच उचलला, गाडी थरथरली आणि जागची हलली नाही. दुसऱ्या वेळी हातभर पुढे गेली आणि जळक्या क्लचचा वास आत भरला. तिसऱ्या वेळी सुटली, पण स्टिअरिंग हातात इतकं हलकं लागत होतं की पुढची चाकं रस्ता धरताहेत का, याचीच शंका यावी. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. युरोपात ओढण्याची मर्यादा ठरवताना 12 टक्के चढावर पूर्ण वजनासह गाडी पाच मिनिटांत पाच वेळा सुटावी लागते. आपल्या घाटात त्या आकड्याला किती अर्थ आहे, ते मला त्या वळणावर कळलं.

उतरताना वेगळंच. आमच्या कॅराव्हॅनला ओव्हररन ब्रेक आहे, म्हणजे ती मागून गाडीला ढकलायला लागली की तिचे ब्रेक आपोआप लागतात. लांब उतारावर ती सतत ढकलतच असते, त्यामुळे ब्रेकला थंड व्हायला वेळच मिळत नाही. मी तिसऱ्यात उतरत होतो, ही माझी चूक. दुसऱ्यातच उतरायचं, गरज पडली तर पहिल्यात. मध्ये थांबलो, तर चाकाजवळ हात नेववत नव्हता. वीस मिनिटं तशीच उभी ठेवली.

वाईत उतरल्यावर भुईंजच्या बाजूला एका वजनकाट्यावर गेलो. पुढे उसाचे ट्रॅक्टर रांगेत होते. त्यातला एक चालक आमच्या गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "सायेब, मागं बसलीया गाडी. पुढचं चाक हलकं झालंय की." दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या माणसाने जे एका नजरेत ओळखलं, ते हुकवाल्याने सांगायला हवं होतं.

आता आकडे, कारण सगळं यातच आहे. माझी गाडी रिकामी 1,880 किलो, भरून जास्तीत जास्त 2,450. गाडी आणि ट्रेलर मिळून मर्यादा 3,500. काट्यावर कॅराव्हॅन सोडवून, सगळ्यांना आत बसवून गाडी भरली 2,430. पास. कॅराव्हॅन एकटी 1,160. तीही पास. (विकताना 800 सांगितली होती, तो रिकामा सांगाडा. शंभर लिटर पाणी म्हणजेच शंभर किलो, वर एसी, दोन बॅटऱ्या, सिलिंडर, बाहेर उघडायचं छत, भांडीकुंडी.) मग जोडून फक्त गाडीची चाकं काट्यावर घेतली: 2,525. म्हणजे हुकवर 95 किलो बसत होते. हुकची मर्यादा 75, आणि गाडीही 75 किलोने जास्त. सगळं मिळून 3,590. वेगवेगळं मोजलं तर दोन्ही पास, जोडलं की तिन्हीकडे नापास. गाडी पूर्ण भरली तर 3,500 मधून 2,450 वजा जाऊन मागे 1,050 च उरतात, पुस्तकातले 1,200 नाहीत.

ब्रिटनमधला 85 टक्क्यांचा नियम सगळे सांगतात: कॅराव्हॅनचं कमाल वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवा. माझ्या गाडीला ते जवळपास 1,600 होतात. त्या हिशेबाने मी निर्धास्त होतो. तेवढ्यावर विसंबू नका.

तिथेच पाण्याची टाकी रिकामी केली, जड सामान कॅराव्हॅनच्या पुढच्या टोकातून चाकांच्या वर आणलं, सासूबाई आणि भाच्याला वाईहून स्वारगेटच्या एसटीत बसवलं. पुन्हा मोजलं: कॅराव्हॅन 1,060, हुकवर 70, एकूण 3,355. हुकवरचा भार कॅराव्हॅनच्या 5 ते 7 टक्के ठेवा. त्याहून कमी केलात तर ती मागे शेपटीसारखी हलायला लागते. घरी मोजायचं असेल तर कॅराव्हॅन सपाट उभी करा आणि हुकच्या उंचीचा लाकडी ठोकळा घेऊन तिचं टोक माणसांच्या वजनकाट्यावर टेकवा.

परतीला तीच गाडी वेगळी वाटली. खंबाटकीचा बोगदा, पुढचं एस वळण सावकाश. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार तिसऱ्यात, डावी लेन धरून, मागचे हॉर्न ऐकून न ऐकल्यासारखे करत.

कॅराव्हॅनची वेगळी नोंदणी आहे का, तेही घेताना पाहा. 1988 च्या कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे.

पसरणी मात्र मागे काही जोडून नको. कॅराव्हॅन वाईत लावा आणि पाचगणीला नुसती गाडी न्या.