कौलावरचं १८६५

रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या बाजूला एका जुन्या चिरेबंदी घराचं मूल्यांकन करायला गेलो होतो. ऑगस्ट महिना, पाऊस नैर्ऋत्येकडून तिरपा मारत होता. मालक काकांनी आधी ओटीवर ठेवलेलं कौल उलटं करून दाखवलं. बासेल मिशन या मिशनरी संस्थेचा ठसा, खाली १८६५.

"घर तेवढं जुनं आहे हो, लिहून घ्या."

तसं लिहिता येत नाही. १८६५ हे मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं साल. पुढे कित्येक वर्षं निघालेल्या कौलांवर तेच उमटत राहिलं. त्यातून कौलं उतरवून दुसऱ्या घरावर चढवायची आपली रीत. राजवाडासुद्धा १९१०-११ चा. काकांना ते काही पटलं नाही.

माझं लक्ष माजघराच्या भिंतीकडे होतं. जमिनीपासून अडीच फुटांवर ओलीची रेघ, खाली गिलाव्याचे फुगे, बोट लावलं की पांढरी भुकटी. छप्पर गळत नव्हतं. पश्चिमेच्या वाशांच्या टोकांत पेचकस इंचभर आत गेला; बाकी लाकूड टणक. म्हणजे पाणी खालून येत होतं.

काकांकडे जुन्या लग्नाचा फोटो होता. त्यात ओटीला चार पायऱ्या. आज दोनच. एक पायरी सात इंचांची धरली, तर अंगण चौदा इंच वर आलेलं. डांबराचे थर चढत रस्ता उंचावला, पाणी आत येऊ लागलं म्हणून काकांनी भराव टाकून वर पेव्हर बसवले. जोतं निम्मं बुडालं. पूर्वी पागोळ्या मातीत जिरायच्या. आता पेव्हरवर आपटून शिंतोडे थेट भिंतीवर. जांभा दगड पाणी पितो तसं सोडतोही, पण दोन्ही अंगांनी सिमेंटचा गिलावा केल्यावर ओल जाणार कुठे? ती वर चढते. सिमेंटचा हा सोस कोकणातल्या घरांना वाळवीपेक्षा महागात पडतो, असं माझं मत आहे.

उपाय सांगितला तो असा : पागोळीच्या रेषेवरचे फूटभर रुंदीचे पेव्हर उचला, दीड फूट चर खणा, परसाकडे दर दहा फुटांना इंचभर उतार द्या. चर भिंतीला चिकटून नको, पाया उघडा पडेल. गिलावा ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत झाडून काढा. मे महिन्यापर्यंत चिरा उघडा राहू दे, मग एकास तीन चुना-वाळूचा गिलावा. वाळू खाडीची अजिबात नको, मीठ भिंतीत जातं. वाशांची कुजलेली टोकं तेवढीच बदला.

बाकी बाजार जवळ, रेल्वे स्टेशन मात्र शहराबाहेर. त्याचा किमतीवर फार फरक नाही. विहीर शेजाऱ्यांशी सामाईक, आणि पाण्याची वहिवाट कागदावर कुठेच नाही. गिऱ्हाईक अडतं ते इथे. ती आधी नोंदवून घ्या म्हटलं.

निघताना काकांनी पहारीने ओटीसमोरचे दोन पेव्हर उचकटले. भराव उकरल्यावर वीतभर खाली चिऱ्याची कड लागली, मधोमध पावलांनी झिजून खोलगट झालेली. काका छत्री धरून बराच वेळ तिथे वाकून उभे होते.

अहवालात वयाच्या रकान्यात मी "कागदोपत्री पुरावा नाही" लिहिलं.