पावसाआधीची कामे : बोटीच्या खिडक्या आणि कापडी आच्छादन

१८ मे, रेवदंडा

अमावस्येच्या उधाणाला बोट खाडीकाठी वर घेतली आणि आजपासून खिडक्यांचे काम हाती घेतले. १ जूनला मासेमारी बंदी लागते, त्यामुळे कुंडलिका नदीच्या या काठावर सध्या सगळ्यांचीच नौका शाकारण्याची, म्हणजे पावसाळ्यासाठी झाकून ठेवण्याची, घाई चालली आहे. आमची बोट मासेमारीची नाही. ती १९८९ साली बांधलेली, फायबरची, छोटी केबिन असलेली सव्वीस फुटी मोटारबोट आहे. इंजिन उत्तम चालते आणि तळही निकोप आहे. तिचे दुखणे खिडक्यांचे आहे. गेल्या पावसाळ्यात वर ताडपत्री असूनही बाकांच्या गाद्यांना ओल आली, डाव्या बाजूच्या प्लायवूडवर काळा डाग पसरला आणि केबिनचे दार उघडताच बुरशीचा वास येऊ लागला.

जुन्या बोटीला समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाच्या पाण्याची भीती अधिक असते, हे माझे मत वर्षागणिक पक्के होत चालले आहे. खारे पाणी तळाला बाहेरून लागते आणि त्यातील मिठामुळे लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला आळा बसतो. पावसाचे गोडे पाणी मात्र वरून येते, अस्तरामागे उतरते, लाकडात मुरते आणि तिथेच राहते. फायबरची बोट कुजत नाही असे आपण सहज म्हणतो. पण तिच्या केबिनच्या भिंतींमध्ये, छतामध्ये आणि बाकांखाली भरपूर लाकूड असते आणि ते साध्या दारा-खिडकीच्या लाकडाइतकेच कुजते.

गळती शोधण्यात पहिला दिवस गेला आणि तो तसा जावा, असेच मला वाटते. पाणी जिथे दिसते तिथूनच ते आत आलेले असते, असे नाही. म्हणून नळी थेट खिडकीवर न धरता आधी खिडकीच्या खालच्या कडेला, मग दोन्ही बाजूंना, मग वरच्या कडेला आणि शेवटी छतावर, अशी खालून वर नेत गेलो. प्रत्येक ठिकाणी नळी बराच वेळ स्थिर धरायची आणि आत बसलेल्या माणसाने कोरडा टिश्यू कागद चौकटीच्या कडेने दाबत राहायचे. कागद ओलाव्याचा पहिला ठिपका लगेच दाखवतो. डोळ्यांना तो थेंब होईपर्यंत दिसत नाही. वरून सुरुवात केली असती, तर सगळेच ओले झाले असते आणि काहीच कळले नसते.

उजवीकडच्या पुढच्या खिडकीवर नळी धरली तेव्हा आत टिपूसही आला नाही. पण छतावरच्या हातधरणीच्या पायावर पाणी सोडले आणि थोड्याच वेळात त्याच खिडकीच्या कोपऱ्यातून ते आत ओघळले. हातधरणीच्या स्क्रूखालचे सीलंट, म्हणजे फट बुजवणारे चिकट लुकण, सुकून भेगाळले होते. पाणी स्क्रूच्या भोकातून छताच्या अस्तरावर उतरत होते आणि अस्तर जिथे संपते तिथे, म्हणजे खिडकीच्या कडेला, बाहेर पडत होते. ही खिडकी काढून पुन्हा बसवली असती, तर सगळे श्रम वाया गेले असते.

डाव्या बाजूच्या सरकत्या खिडक्यांचे कारण निराळे निघाले. सरकत्या काचेच्या खालच्या खोबणीत पाणी येणारच. तिची रचनाच तशी असते. खोबणीत साचलेले पाणी बाहेर जावे म्हणून चौकटीला बाहेरच्या अंगाने दोन बारीक भोके ठेवलेली असतात. आमच्या चौकटीची ही भोके आधीच्या कोणीतरी सिलिकॉनने बुजवली होती. गळती दिसली की भोक बुजवावे, असे माणसाला स्वाभाविकपणे वाटते. पण त्यामुळे बाहेर जाणारे पाणी खोबणीत चढून आत सांडू लागले. सिलिकॉन चाकूने कोरून काढले, तारेने भोक मोकळे केले, तेव्हा मीठ, धूळ आणि मेलेल्या मुंग्यांचा काळपट लगदा निघाला आणि त्यामागून बोटीच्या अंगावर पाण्याची एक बारीक धार लागली. निम्मी गळती तिथेच थांबली. पाणी अडवण्याआधी त्याला जायला वाट आहे का, हे पाहिले पाहिजे. या एका गोष्टीभोवती माझे सगळे काम फिरत आहे.

२१ मे

समोरच्या दोन पक्क्या खिडक्या आणि डाव्या बाजूची मागची खिडकी पूर्ण काढावी लागली. चौकटी ॲल्युमिनियमच्या आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. खाऱ्या हवेत हे दोन धातू एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम झिजते आणि स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी धरते. असे स्क्रू जोर लावून फिरवले की त्यांची खाच तरी जाते, नाहीतर चौकटीला तडा तरी जातो. आदल्या संध्याकाळी प्रत्येक स्क्रूवर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवले होते. सकाळी हातोडीचे हलके ठोके देत, आधी किंचित घट्ट आणि मग सैल, असे फिरवले आणि बहुतेक स्क्रू निघाले. जे निघाले नाहीत, त्यांची डोकी ड्रिलने कापून काढली. परत बसवताना प्रत्येक स्क्रूला या दोन धातूंना वेगळे ठेवणारे मलम लावणार आहे.

चौकट निघाल्यावर भिंतीची कापलेली कड उघडी पडली. फायबरच्या दोन थरांमधले प्लायवूड खालच्या कोपऱ्यात बोटाने दाबले तरी दबत होते. ओल असताना त्यावर काहीही लावणे म्हणजे कूज आत कोंडणे. कुजलेला भाग छिन्नीने कोरून काढला, पंखा लावून कड वाळवली आणि मग भुकटी मिसळून घट्ट केलेले इपॉक्सी (वाळल्यावर कडक होणारी राळ) त्या पोकळीत भरले. उरलेल्या सगळ्या कडेलाही इपॉक्सीचे दोन हात दिले, म्हणजे पुढे कधी सीलंट निकामी झाले तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचणार नाही. बोट बांधली तेव्हाच कोणी हे केले असते, तर आज एवढे लाकूड गेले नसते.

सीलंट कोणते लावावे, याबद्दल दुकानात ठाम सल्ले मिळतात आणि ते बहुधा हाताशी असलेल्या ट्यूबच्या बाजूचे असतात. आमच्या समोरच्या खिडक्यांना काच नाही, ॲक्रिलिक हे काचेसारखे पारदर्शक प्लास्टिक आहे आणि सगळा निर्णय त्यावर अवलंबून आहे. पॉलिसल्फाइड सीलंट फायबरवर आणि धातूवर उत्तम असते. पण ॲक्रिलिकला ते बाधते. पॉलियुरेथेन इतके घट्ट चिकटते की पुढच्या वेळी खिडकी काढताना काहीतरी तुटणारच. सिलिकॉन ॲक्रिलिकला चालते. मात्र ते काढल्यावरही त्याचा अदृश्य थर मागे राहतो आणि त्यावर दुसरे काही नीट चिकटत नाही. जुने सिलिकॉन प्लास्टिकच्या पात्याने खरवडण्यात आणि फायबरची कड घासून काढण्यात माझा बराच वेळ गेला. ॲक्रिलिक मात्र साबणाच्या पाण्यानेच धुतले. ॲसिटोनने त्यावर सूक्ष्म भेगांचे जाळे पडते आणि ते पुन्हा जात नाही.

शेवटी ब्यूटाइल या चिकट रबराची पट्टी निवडली. ती सुकत नाही, वर्षानुवर्षे मऊ राहते आणि चौकटीने दाबून धरली की पाणी आत येऊ देत नाही. मऊपणा का हवा, हे आकड्यांनी अधिक स्पष्ट होते. एक मीटर लांबीचे ॲक्रिलिक ३० अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे २ मिलिमीटर वाढते. तेवढ्याच लांबीचे ॲल्युमिनियम जेमतेम ०.७ मिलिमीटर. मे महिन्याच्या दुपारी हात लावू नये इतके तापलेले छत पहिल्या सरीने निवते, तेव्हा खिडकी चौकटीत सरकतेच. तिला सरकायला जागा नसेल, तर सीलंट फाटते किंवा ॲक्रिलिकला स्क्रूच्या भोकापासून चीर जाते. म्हणून ॲक्रिलिकची भोके स्क्रूपेक्षा मोठी केली आणि स्क्रू एकदम आवळले नाहीत. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळायचे, ब्यूटाइल कडेने बाहेर येऊ द्यायचे, उन्हात राहू द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळायचे. सारे सीलंट पिळून निघेल इतके आवळण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण मध्ये उरलेला थरच खिडकीला हलू देतो.

हातधरणीही काढून याच पद्धतीने बसवली.

२७ मे

खिडक्यांवर पुन्हा पाणी मारून पाहिले. आत कागद कोरडा राहिला. आता आच्छादन.

खिडक्या दुरुस्त केल्यावर आच्छादनाची गरज कमी होते, असे काही जणांना वाटते. मला ते पटत नाही. ॲक्रिलिक आणि सीलंट यांचा खरा शत्रू ऊन आहे आणि कोकणात आठ महिने तेच असते. म्हणून दोन वेगळी आच्छादने करायचे ठरवले. उन्हाळ्यासाठी प्रत्येक खिडकीवर बाहेरून बसणारे ॲक्रिलिक कॅनव्हासचे तुकडे करायचे. या कापडात रंग धाग्यातच असतो, त्यामुळे ते लवकर विटत नाही, आणि त्यातून हवाही जाते. पावसाळ्यासाठी पूर्ण बोटीवर पीव्हीसीचा लेप असलेले जाड कापड वापरायचे. निळी ताडपत्री स्वस्त मिळते. पण उन्हाने तिचे धागे सुटतात आणि वाऱ्यात फडफडून ती बोटीचा रंग घासून काढते. गेल्या वर्षी हे पाहिले आहे.

खिडक्यांच्या तुकड्यांना टिचबटणे लावावीत, असे शिवणाऱ्या काकांचे म्हणणे होते. मी नको म्हटले. प्रत्येक बटणासाठी केबिनच्या भिंतीला एक भोक पडणार आणि जी गळती बुजवायला एवढे दिवस दिले, तिलाच पुन्हा दारे उघडून द्यायची. त्याऐवजी तुकड्यांच्या कडेत रबरी दोरी ओवली आणि ती आधीच असलेल्या हातधरणीला आणि कठड्याच्या खांबांना अडकवली.

मोठ्या आच्छादनासाठी नाळेपासून मागच्या टोकापर्यंत बांबूचे आढे टाकले आणि ते लाकडी दुबेळक्यांवर उभे केले. काका खालून पाहत होते.

“आढं अजून वीतभर वर घ्या, साहेब. पाणी थांबलं की कापड गेलंच म्हणून समजा.”

“वर घेतो. पण काका, दोन्ही टोकांना हातभर फट राहू द्या.”

“पाऊस आत येईल की.”

“ईशान्येकडची मोठी ठेवा, नैर्ऋत्येकडची लहान. तिला वरून झापड शिवा.”

त्यांनी सांगितलेली वीतभर उंची अगदी रास्त होती. कापडात एक मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर खोल असा खळगा पडला, तर त्यात सुमारे ४० लिटर, म्हणजे ४० किलो पाणी साचते, आणि ते वजन कापडाला ताणून खळगा आणखी खोल करते. कोकणच्या जुलैमध्ये हे एका रात्रीत होऊ शकते. फटींबद्दलचा माझा आग्रहही तितकाच मनापासूनचा होता. पीव्हीसीतून हवा जात नाही. बोट चहूबाजूंनी आवळून बांधली, तर आतली ओल आतच फिरते आणि खिडक्या कोरड्या असूनही गाद्यांना बुरशी येते. शेजारी एक जुनी लाकडी होडी नारळाच्या झापांनी शाकारलेली आहे. झापांवरून पाणी निथळते आणि झापांमधून वारा खेळतो. आमच्या कापडाला तो वारा कमावून द्यावा लागतो.

काकांचे शिवणकाम पाहण्यासारखे आहे. दोन पन्ने दुहेरी दुमडून ते एकमेकांत अडकवतात आणि वरचा पन्ना खालच्यावर कौलासारखा चढवतात, म्हणजे शिवणीत पाणी शिरायला तोंड राहत नाही. यंत्र जिथे पोहोचत नाही तिथे दाभणाने मेण लावलेला पॉलिएस्टर दोरा घालतात. सुती दोरा दमट हवेत कुजतो, म्हणून त्यांनी तो कधीच सोडला. आढ्यावर आणि दुबेळक्यांच्या टोकांवर कापड घासते, तिथे त्यांनी दुहेरी ठिगळे दिली. मी बांबूला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. पितळी रिंगा हात-दीड हाताच्या अंतरावर आहेत आणि दोऱ्या बोटीच्या पोटाखालून नेऊन पलीकडे बांधल्या आहेत, म्हणजे वाऱ्याचा ताण एका रिंगेवर येत नाही.

झापड आणि मागच्या बाजूची चार ठिगळे अजून शिवायची आहेत, ती परवापर्यंत होतील. आतले सगळे कप्पे आणि बाकांची झाकणे उघडी ठेवली आहेत, गाद्या घरी आणल्या आहेत आणि डाव्या खिडकीखालच्या नव्या इपॉक्सीवर पेन्सिलीने तारीख लिहिली आहे. पहिल्या मोठ्या वाऱ्यानंतर दोऱ्या पुन्हा ताणायच्या, उघडीप मिळेल तेव्हा आत जाऊन कडांना कागद लावून पाहायचा आणि खोबणीची भोके तारेने मोकळी करायची. तार केबिनच्या दारामागच्या खिळ्याला टांगून ठेवली आहे.