फॉर्म पाठवण्याआधीची प्रत: नोंद तिसरी

फॉर्म सर्व्हरकडे जाण्याआधी त्यातल्या मजकुराची प्रत लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात) ठेवणारी युजरस्क्रिप्ट (दुसऱ्यांच्या पानांवर आपण चालवायचा छोटा कोड) आता बऱ्यापैकी चालते. तासभर बसून लिहिलेलं सेशन संपल्यामुळे गेलं की जीव हळहळतो, त्यासाठीच हा खटाटोप.

मागच्या वेळी डॉक्युमेंटवर ‘सबमिट’ इव्हेंटचा (फॉर्म पाठवला जातोय, ही ब्राउझरची सूचना) लिसनर (ती ऐकणारा कोड) लावला होता, तोही कॅप्चर फेजमध्ये (इव्हेंट वरून खाली फॉर्मकडे जात असतानाच), म्हणजे फॉर्मवरच्या कोडने पुढे स्टॉपप्रोपगेशन करून इव्हेंट अडवला तरी आपल्याला इव्हेंट आधीच मिळालेला असतो. बटणाच्या क्लिकवर विसंबू नका. व्हॅलिडेशनमध्ये (रकाने नीट भरलेत का, या तपासणीत) फॉर्म अडकला तरी क्लिक होतोच, आणि अर्धवट प्रती साठत राहतात.

तरीही काही फॉर्म निसटत होते. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये बघितलं तर नेटवर्क टॅबमध्ये पोस्ट रिक्वेस्ट (सर्व्हरकडे मजकूर पाठवणारी विनंती) गेलेली दिसायची आणि कन्सोलमध्ये माझ्या स्क्रिप्टची एक ओळ नाही. दोन संध्याकाळी गेल्या, मग उलगडलं: ती पानं आपल्या कोडमधून थेट फॉर्मची सबमिट() मेथड (फॉर्म पाठवण्याची आज्ञा) बोलावत होती. ही मेथड सबमिट इव्हेंट उठवत नाही, व्हॅलिडेशनही करत नाही. रिक्वेस्टसबमिट() ही दुसरी मेथड दोन्ही करते, पण दुसऱ्याच्या पानावर काय वापरलंय ते आपल्या हातात नसतं.

मग हाती लागला ‘फॉर्मडेटा’ इव्हेंट. पाठवायच्या नोंदींची यादी ब्राउझर तयार करतो तेव्हा तो उठतो, सबमिट() बोलावली असली तरीही. त्या लिसनरमध्ये त्याच फॉर्मचा नवा फॉर्मडेटा (ही यादी धरणारा ऑब्जेक्ट, नाव इव्हेंटसारखंच) बनवायला गेलो तर इनव्हॅलिडस्टेटएरर आला, कारण यादी बनण्याचं काम तेव्हा चालूच असतं. बनवायची गरजही नाही, इव्हेंटच्या फॉर्मडेटा प्रॉपर्टीत सगळं तयार मिळतं.

एवढ्यावर भागत नाही. काही पानं प्रिव्हेंटडीफॉल्ट करून ब्राउझरचं नेहमीचं पाठवणं थांबवतात, रकाने एकेक वाचतात आणि फेचने (कोडमधून केलेल्या रिक्वेस्टने) मजकूर जेसन या साच्यात पाठवतात. तिथे यादी बनतच नाही. म्हणून सबमिटच्या लिसनरमध्ये मी फक्त नवा फॉर्मडेटा बनवतो. त्यानेच फॉर्मडेटा इव्हेंट उठतो आणि साठवणारा कोड एकाच जागी राहतो. साधा फॉर्म असेल तर हे दोनदा घडतं, पण पानाचा पत्ता आणि फॉर्मचा आयडी मिळून एकच की (प्रत ज्या नावाखाली साठते ते नाव) ठेवली आहे, त्यामुळे दुसरी प्रत पहिलीवरच बसते. पानाचा स्वतःचा फॉर्मडेटा लिसनर असेल तर तोही एकदा जास्त चालतो. हे मला खटकतं, अजून तोड सापडलेली नाही.

पासवर्ड साठवायचे नाहीत, हे पहिल्या दिवसापासून पक्कं. टाइप ‘पासवर्ड’ असलेले रकाने गाळणं पुरत नाही. डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारली की बरीच पानं टाइप बदलून ‘टेक्स्ट’ करतात. आता रकान्याचा ऑटोकम्प्लीटही (त्यात काय भरायचं हे ब्राउझरला सांगणारी खूण) तपासतो, आणि एकदा टाइप ‘पासवर्ड’ दिसलेला रकाना वीकसेट नावाच्या यादीत लक्षात ठेवतो.

शॅडो डॉममधले (पानातल्याच, पण बाकी पानापासून वेगळ्या ठेवलेल्या भागातले) फॉर्म अजून माझ्या स्क्रिप्टच्या आवाक्याबाहेरच आहेत. तिथला सबमिट इव्हेंट शॅडो रूटच्या (त्या भागाच्या मुळाच्या) बाहेर येत नाही, डॉक्युमेंटवर कॅप्चर लावूनही नाही. पुढच्या आठवड्यात उघड्या (बाहेरच्या कोडला हात घालता येतो अशा) शॅडो रूटवर वेगळे लिसनर लावून बघतो.