प्रश्न विचारणाऱ्याची जबाबदारी

पुण्यात दर हिवाळ्यात मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची प्रकल्पासाठी धावपळ सुरू होते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका, जनता वसाहत, येरवड्यातल्या वस्त्या, महापालिकेच्या शाळा अशा सगळीकडे ही मुले प्रश्नावल्यांचे गठ्ठे घेऊन फिरत असतात. मी एका महाविद्यालयाच्या नीतिसमितीवर काम करत असल्याने यांतले बरेच प्रस्ताव माझ्या वाचनात येतात. जात, बेरोजगारी, कौटुंबिक हिंसा, स्थलांतर अशा विषयांकडे विद्यार्थी आपण होऊन वळत आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र नीतिमत्तेचा भाग बहुतेक प्रस्तावांत चार ओळींत आटोपलेला असतो: संमतिपत्र घेतले जाईल, नाव गुप्त राहील, सहभाग ऐच्छिक असेल, माहिती केवळ संशोधनासाठी वापरली जाईल. या ओळी हव्यातच. पण सामाजिक प्रश्नावर काम करणाऱ्याच्या वाट्याला येणारे खरे पेच त्यांत कुठेच दिसत नाहीत.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या मानसिक ताणाचा विषय घ्या. तो जवळजवळ दर वर्षी येतो. बीड, नांदेड, परभणीहून आलेली ही मुले कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात आणि आयोगाची जाहिरात कधी निघेल, परीक्षा पुन्हा पुढे जाईल का, तोवर आपले वय उलटून जाईल का, या काळजीत वर्षे काढतात. त्यांच्यासाठी सहसा अ‍ॅरन बेक यांची नैराश्य मोजणारी प्रश्नावली निवडली जाते. ती १९६१ सालची. पुढे तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. तिच्यात एकवीस गट आहेत, प्रत्येक गटात चढत्या तीव्रतेची विधाने आहेत आणि त्यांना शून्य ते तीन गुण आहेत. नववा गट आत्महत्येच्या विचारांचा आहे.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. विद्यार्थिनी रविवारी दुपारी अभ्यासिकेत जाते, चाळीसएक अर्ज वाटते, भरलेले अर्ज पिशवीत घालते आणि सवड मिळेल तेव्हा, म्हणजे कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी, आकडे एक्सेलमध्ये भरायला बसते. तेव्हा तिला दिसते की एका अर्जावर नवव्या गटात शेवटच्या विधानावर खूण आहे. अर्जावर नाव नाही, कारण नाव घेऊ नये असे आम्हीच तिला बजावलेले असते. ते तीन गुण एकूण बेरजेत मिसळतात, बेरीज सरासरीत मिसळते आणि प्रबंधात एक तक्ता तयार होतो. गोपनीयतेचा नियम तंतोतंत पाळलेला असतो, आणि ती खूण करणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाट त्याच नियमाने बंद केलेली असते. बावीस-तेवीस वर्षांच्या त्या विद्यार्थिनीवर याचे किती ओझे येते, याचाही विचार मार्गदर्शकांनी करायला हवा.

म्हणून आमच्या समितीत मी आग्रह धरते की असा प्रश्न विचारायचा असेल, तर उत्तर ऐकण्याची तयारी आधी हवी. अर्जावर नावाऐवजी क्रमांक असावा आणि त्या क्रमांकाची यादी फक्त समुपदेशकाकडे असावी. नववा गट त्याच दिवशी, अभ्यासिकेतून निघण्यापूर्वी पाहिला जावा. जिवाला धोका दिसल्यास गोपनीयतेला मर्यादा येईल, हे संमतिपत्रात साध्या मराठीत लिहिलेले असावे. ज्यांनी अर्ज भरला त्या सगळ्यांना, कोणालाही वेगळे न काढता, समुपदेशकाचा संपर्क आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक असलेली चिठ्ठी द्यावी. यावर काही विद्यार्थी सांगतात की असे केल्यास मुले मोकळेपणाने उत्तरे देणार नाहीत आणि नमुना, म्हणजे अभ्यासात सहभागी होणाऱ्यांची संख्या, कमी पडेल. तो कमी पडला तर पडू द्यावा. नैराश्य न मोजता, झोप, अभ्यासाचे तास आणि घरून येणारा दबाव यांवरही चांगला प्रबंध होऊ शकतो.

दुसरा पेच संमतीच्या पलीकडचा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमधील ३२१ उच्च जातींतल्या आणि ३२१ कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतल्या शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहासारखी कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर केली नाही, तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत लक्षणीय फरक दिसला नाही. मुलांची नावे, गावे, वडील-आजोबांची नावे आणि जात सर्वांसमोर उच्चारली गेली, तेव्हा कनिष्ठ मानलेल्या जातींतल्या मुलांची कामगिरी घसरली. जातीचे ओझे डोक्यावर ठेवले की बुद्धी कशी दबते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे काम मी क्वचितच वाचले आहे आणि वर्गात मी ते आवर्जून शिकवते. तरीही दर वेळी मला त्या खोलीतला मुलगा आठवतो, ज्याची जात एका परक्या, शिकलेल्या माणसाने इतर मुलांसमोर मोठ्याने वाचली. गावात सगळ्यांना ती ठाऊकच होती, हे खरे. पण त्या दिवशी ती अभ्यासाच्या नावाखाली उच्चारली गेली. हा प्रयोग करूच नये, असे मी म्हणणार नाही. मात्र तोच प्रयोग आमच्या एखाद्या विद्यार्थ्याने पुण्यातल्या शाळेत पुन्हा करतो म्हटले, तर मी परवानगी देणार नाही, कारण जे कळायचे ते कळलेले आहे आणि त्याची किंमत पुन्हा मुलांनीच का मोजावी?

याउलट सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. त्यात सारखीच पात्रता आणि वेगवेगळी आडनावे असलेले बनावट अर्ज खासगी कंपन्यांकडे पाठवले गेले, आणि दलित व मुस्लीम नावांच्या अर्जांना प्रतिसाद मिळण्याची शक्यता कमी आढळली. फसवणूक येथे आहे, पण फसवला जातो तो नोकरी देणारा. ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्या माथी नवे दुःख मारलेले नाही. मला हा भेद फार महत्त्वाचा वाटतो.

इजा केवळ अर्ज भरणाऱ्यालाच होते असेही नाही. विमुक्त जमातींतील मुलांची आक्रमकता ‘सर्वसाधारण’ मुलांशी ताडून पाहण्याचा एक प्रस्ताव समितीपुढे आला होता. पालकांची संमती, शाळेचे पत्र, सगळे रीतसर होते. परंतु १८७१ च्या कायद्याने ज्या समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि १९५२ पर्यंत तो शिक्का कायद्याने पुसला नाही, ज्यांच्या वस्तीवर आजही चोरी झाली की पोलीस आधी पोहोचतात, त्यांच्या मुलांविषयी ‘सरासरी आक्रमकता अधिक’ असे एक वाक्य छापले गेले, तर ते कोणाच्या हाती पडेल? त्या वाक्याची झळ ज्या हजारो कुटुंबांना बसेल, त्यांच्यापैकी कोणीही संमतिपत्रावर सही केलेली नसेल. त्या विद्यार्थ्याचा हेतू चांगला होता. बरीच चर्चा होऊन विषय बदलला: शिक्षक या मुलांशी कसे वागतात, याचे वर्गात बसून निरीक्षण. मोजायची ती वागणूक शिक्षकांची, असे ठरल्यावर शाळेचे पत्र मिळायला मात्र बराच वेळ लागला.

आणि शेवटी परत जाण्याचा प्रश्न. येरवड्यातल्या एका वस्तीत विद्यार्थिनींबरोबर गेले असता एका बाईंनी दारातच विचारले, “ताई, मागच्या वर्षी पण असेच कागद भरून नेले तुम्ही लोकांनी. पुढं काय झालं त्याचं?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यांना खरोखरच ते जाणून घ्यायचे होते. मागच्या वर्षी आलेले लोक दुसऱ्याच कुठल्या संस्थेचे असावेत, पण बाईंच्या दृष्टीने आम्ही सगळे एकच होतो, आणि तसे समजण्यात त्यांचे काही चुकत नव्हते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वे आरोग्यविषयक सामाजिक व वर्तनशास्त्रीय संशोधनालाही लागू आहेत, आणि निष्कर्ष लोकांपर्यंत परत नेण्याची अपेक्षा त्यांतही आहे. आमच्याकडे मात्र प्रबंध कापडी बांधणीत ग्रंथालयात जमा होतो आणि तोंडी परीक्षा झाली की विद्यार्थी नोकरीला लागतो. पुढच्या वर्षापासून प्रकल्पाच्या गुणांपैकी दहा गुण वस्तीत किंवा अभ्यासिकेत जाऊन, एका पानाच्या मराठी सारांशासह निष्कर्ष समजावून सांगण्यासाठी राखून ठेवावेत, असा ठराव मी विभागाच्या बैठकीत मांडणार आहे. तारखा आधीच ठरवाव्या लागतील, कारण मे महिन्यात वस्तीतली निम्मी घरे गावाला गेलेली असतात.