अनसबस्क्राइबचं बटण आता तुमच्या हातात नाही

पूर्वी जाहिरातीच्या मेलच्या तळाशी, बारीक राखाडी अक्षरांत अनसबस्क्राइबची, म्हणजे यादीतून नाव काढायची लिंक असायची. टिचकी मारली की 'खरंच जाताय?' विचारणारं पान, मग कारणांची यादी, मग 'महिन्यातून एकच मेल चालेल का?' अशी घासाघीस. जीमेलने हा सगळा रस्ताच वगळलाय. बटण मेलच्या वर, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी असतं. शिवाय जुलै २०२५पासून 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' नावाचं पान येऊ लागलं. तिथे सगळे पाठवणारे एका यादीत दिसतात, जास्त मेल पाठवणारा वर, आणि नावाखाली अलीकडे किती मेल आले त्याचा आकडा.

तुम्ही असे मेल पाठवत असाल तर तुमचा मजकूर कितीही झकास असो, त्या यादीत दिसतं फक्त नाव आणि आकडा. दिवाळीत रोज एक ऑफर धाडणारा आपोआप वरच्या ओळीत जातो. 'कमी मेल पाठवा' हा पर्याय द्यायचाच असेल तर तो नोंदणीच्या वेळी आणि पहिल्या स्वागताच्या मेलमध्ये द्या. निरोपाच्या पानावर ठेवलात तर तिथे कोणी पोचणारच नाही.

आता तांत्रिक बाजू. वैयक्तिक जीमेल खात्यांवर २४ तासांत ५,०००च्या आसपास मेल गेले की गूगल तुम्हाला 'बल्क सेंडर', म्हणजे घाऊक मेल पाठवणारा धरतं. सबडोमेनचे (मूळ डोमेनच्या पुढे शब्द जोडून केलेल्या पत्त्यांचे) मेलही मूळ डोमेनच्याच खात्यावर जमा होतात. आणि एकदा हा शिक्का बसला की पुसला जात नाही. सणाच्या एका दिवसाचा धडाका पुरतो. मग जाहिरातीच्या मेलना एका क्लिकचं अनसबस्क्राइब सक्तीचं, आणि विनंती दोन दिवसांत अमलात आणायची. अमेरिकेचा जाहिरातीच्या मेलविषयीचा कॅन-स्पॅम कायदा यासाठी कामकाजाचे १० दिवस देतो, पण इथे कायद्याआधी इनबॉक्सवाल्याचा नियम आडवा येतो. ओटीपी, पासवर्ड रिसेट, ऑर्डरची पावती यांना ही अट नाही. म्हणून त्यांचा पाठवण्याचा पत्ता वेगळाच ठेवा. ऑफरना वैतागून कोणी तो पत्ता ब्लॉक केला तर पावत्याही त्याच्याबरोबर जातात.

मेलमध्ये दोन हेडर (मेलसोबत जाणाऱ्या, वाचकाला न दिसणाऱ्या तांत्रिक ओळी) लागतात: 'लिस्ट-अनसबस्क्राइब', ज्यात एचटीटीपीएस पत्ता असतो, आणि 'लिस्ट-अनसबस्क्राइब-पोस्ट'. दोन्ही डीकेआयएम सहीच्या, म्हणजे मेल तुमच्याच डोमेनचा असल्याची खूण पटवणाऱ्या डिजिटल सहीच्या आत हवेत. नेमकं हेच बऱ्याचदा सुटतं: हेडर मेलमध्ये असतात, सहीच्या यादीत मात्र नसतात. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडा आणि डीकेआयएम ओळीतल्या 'एच=' पुढे दोन्ही नावं आहेत का ते पाहा.

बटण दाबल्यावर जीमेल तुमच्या सर्व्हरला 'पोस्ट' विनंती (काहीतरी करून घेण्यासाठीची वेब-विनंती) करतो. सोबत कुकी नसते, लॉगिन नसतं. त्यामुळे सीएसआरएफ टोकन (विनंती आपल्याच पानावरून आल्याची खात्री करणारा गुप्त कोड) मागणारं पान ती विनंती परतवून लावतं. दुसऱ्या पत्त्यावर रिडायरेक्ट करणंही एका क्लिकच्या अनसबस्क्राइबचं मानक असलेल्या आरएफसी ८०५८मध्ये मना आहे. उलट चूकही होते: नुसत्या 'गेट' विनंतीवर, म्हणजे लिंक फक्त उघडल्यावर, नाव काढून टाकणं. कंपन्यांचे सुरक्षा स्कॅनर मेलमधल्या लिंक आधीच उघडून बघतात, आणि ग्राहकाने काही न करता त्याचं नाव उडतं. पोस्ट आली तर लगेच काढा. गेट आली तर पान दाखवून एक बटण द्या. हेडरमध्ये 'मेलटू' पत्ताही (अनसबस्क्राइबची विनंती मेलने घेणारा ईमेल पत्ता) दिला असेल तर ती पेटी रोज रिकामी करणारी स्क्रिप्ट हवी. तुंबलेली पेटी म्हणजे न ऐकलेल्या विनंत्या.

अनसबस्क्राइबचा आकडा वाढला म्हणून घाबरू नका. लक्ष ठेवायचं ते गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समधल्या (मेल पाठवणाऱ्यांसाठीच्या पाहणी-पानावरच्या) स्पॅम तक्रारींच्या दरावर: ०.१ टक्क्याच्या खाली राहायचं, ०.३ टक्क्याला शिवायचंही नाही. इनबॉक्समध्ये २०,००० मेल पोचले तर ६० तक्रारींतच तुम्ही ०.३वर. बटण सापडलं नाही की माणूस 'स्पॅम' दाबतो, त्यापेक्षा तो गेलेला बरा. एक फसवी गोष्ट: मेल आधीच स्पॅममध्ये पडत असतील तर हा दर छान दिसतो, कारण जे इनबॉक्समध्ये आलंच नाही त्याची तक्रार कोण करणार?

अनरोल.मी सारख्या त्रयस्थ सेवांचा प्रकार वेगळा. त्यांच्या 'रोलअप'मध्ये टाकलेले मेल दिवसातून एकदा एकत्र दाखवले जातात. यादीत नाव कायम, मेल 'पोचला', वाचणारा मात्र नाही, निव्वळ खोगीरभरती. ओपन रेटवरून (किती जणांनी मेल उघडला याचा दर, जो मेलमधलं चित्र उतरलं की मोजला जातो) हे कळत नाही, कारण २०२१पासून अ‍ॅपल मेलचं प्रायव्हसी प्रोटेक्शन चित्रं स्वतःच आधी उतरवून घेतं. क्लिक पाहा. ९० दिवसांत एकही क्लिक नसेल तर 'राहायचंय का?' असा एकच मेल, आणि उत्तर नाही आलं तर नाव बाजूला.

आणि सगळं जुळलेलं असताना घोळ होतो तो एक्सेलमध्ये. नवं सॉफ्टवेअर घेताना कोणीतरी जुनी फाइल अपलोड करतं आणि गेलेली माणसं परत यादीत येतात. सोडून गेलेल्यांची यादी आधी चढवा, ग्राहकांची नंतर.